शरदातलं चांदोली आणि एका पत्राचं राहिलेलं उत्तर

(१९८३ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

आदरणीय गुरुजन, आणि केस पांढरे झाले तरी आज पुन्हा आपापल्या जुन्याच बाकांवर जाऊन बसलेल्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘निवृत्त भूगोल शिक्षक’ अशी करून दिली. तेव्हा पहिल्या रांगेत बसलेले आपले भूगोलाचे सर हसले. त्यांचं हसणं रास्त आहे. आठवीत मी महाराष्ट्राच्या नकाशात सह्याद्री काढला होता, तो पाहून सर म्हणाले होते, “हा डोंगर आहे की सुरवंट?” पुढं तीस वर्षं मी पुण्यातल्या मुलांना नकाशे काढायला शिकवलं. पण सर, आज कबूल करतो, सह्याद्री मला तुमच्या तासाला कळला नाही आणि माझ्या स्वतःच्या तासालाही कळला नाही. तो थोडाफार कळला गेल्या ऑक्टोबरात. तेच सांगायला उभा आहे.

संयोजकांनी दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘माझा अविस्मरणीय प्रवास’. आपल्यातली मंडळी अमेरिका, सिंगापूर, चारधाम करून आली आहेत. माझा प्रवास फार लांबचा नाही. या शाळेच्या फाटकापासून चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापर्यंतचा. दोन तासही लागत नाहीत. मला मात्र तिथं जायला चव्वेचाळीस वर्षं लागली.

आपल्या वर्गात बोर्डिंगमधली पाच-सहा मुलं होती, आठवतात ना? वरच्या डोंगरातली. सोमवारी सकाळी घोंगडं खांद्यावर टाकून यायची. त्यातला एक माझ्या बाकावर बसायचा. त्याचं नाव सांगत नाही, कारण तो आत्ता तिसऱ्या रांगेत बसलाय आणि ‘माझं नाव घेतलंस तर उठून जाईन’ असं त्यानं बजावलंय. तुम्हाला कळलंच असेल. मागं वळून बघू नका.

आठवीत असताना, १९८० च्या दसऱ्याच्या सुट्टीत, मी त्याच्या गावाला गेलो होतो. एस.टी. जिथं संपायची तिथून चार तास चालायचं. खाली वारणेवर धरणाचं काम सुरू झालं होतं. आम्ही चढत होतो. पाऊस नुकताच संपला होता, पायवाटेवर अजून जळवा होत्या, आणि माझ्या पायाला चिकटलेली पहिली जळू पाहून मी जो ओरडलो ते हा अजून विसरलेला नाही. त्याच्या आईनं तंबाखूची चिमूट लावून ती काढली. रात्री नाचणीची भाकरी आणि खेकड्यांचं कालवण. मी कोजागरीपर्यंत राहिलो. पौर्णिमेच्या रात्री आम्ही दोघं गावावरच्या सड्यावर गेलो होतो. सगळा सडा दुधात न्हाऊन निघाल्यासारखा. तेरा वर्षांच्या मुलाला एवढं मोकळं आभाळ पहिल्यांदाच दिसलं होतं.

ज्यांना सडा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सह्याद्रीच्या माथ्यावर जांभा दगडाची सपाट पठारं आहेत, त्यांना आपल्याकडं सडा म्हणतात. उन्हाळ्यात बघाल तर काळा-तांबडा, तव्यासारखा तापलेला कातळ. त्यावर माती कशी असते, तर वीतभरसुद्धा नाही. पण चार महिने पाऊस पडतो आणि त्या एवढ्याशा मातीत काय काय उगवतं! गेंद, सीतेची आसवं, तेरडा, आणि पाऊस सरता सरता सोनकी. सीतेची आसवं दिसायला नाजूक जांभळी फुलं, पण ही वनस्पती किडे खाते. जमिनीत पोषण नसलं की झाडंही पोटासाठी नवे मार्ग शोधतात.

आपल्याकडं शरद म्हणजे पानगळ नव्हे. इंग्रजी सिनेमात लाल-पिवळी पानं पडतात तसलं काही चांदोलीत होत नाही. तिथलं रान सदाहरित आणि निमसदाहरित. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा. ती झाडं हिरवीच राहतात. रंग बदलतो तो गवताचा. हिरवं गवत आधी पोपटी होतं, मग पिवळं, मग सोन्यासारखं. सकाळी खोऱ्यात धुकं भरतं आणि डोंगरांचे नुसते माथे वर राहतात. ओढ्यांचं पाणी गढूळ असतं ते नितळ होतं, तळाचा दगड दिसायला लागतो. शीळकरी कस्तूर ओढ्याकाठी शीळ घालतो, ती ऐकून वाटतं की कुणी गुराखी पोरगं जवळपास आहे.

आता थोडा भूगोल शिक्षक सहन करा. चांदोलीला १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी हे चार जिल्हे तिथं एकमेकांना भेटतात. २०१० मध्ये चांदोली आणि कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, राज्यातला चौथा. २०१२ मध्ये पश्चिम घाट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा महाराष्ट्रातल्या कास, कोयना आणि राधानगरीबरोबर चांदोलीचंही नाव त्यात आलं. हे सगळे आकडे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो. परीक्षेत दोन मार्कांना विचारतही होतो. पुण्यातली पोरं धडाधड पाठ करायची.

पण त्या ३१७.६७ चौरस किलोमीटरांत माझ्या बाकावरच्या मित्राचं गाव होतं, हे मी एकाही वर्गाला सांगितलं नाही. खरं म्हणजे मलाच ते कधी आठवलं नाही.

आणि आता अवघड गोष्ट. १९९६ साली मला याचं एक पत्र आलं होतं. आंतरदेशीय पत्र, निळं. गाव उठवायचं ठरतंय, जमिनीच्या बदल्यात जमीन कुठं आणि कशी मिळणार काही कळत नाही, अर्ज करायचाय, तू शिकलेला आहेस, दोन दिवस येऊन जातोस का, असं त्यात होतं. मी तेव्हा नवा नवा पर्यावरणवादी झालो होतो. मुलांना घेऊन टेकडीवर झाडं लावत होतो. मी गेलो नाही. उत्तर मात्र लिहिलं. चांगलं दोन पानी उत्तर. जंगल वाचणं देशासाठी किती गरजेचं आहे, वारणेचं पाणी त्या जंगलामुळंच कसं टिकतं, आणि खाली आल्यावर तुम्हालाही रस्ता, शाळा, दवाखाना मिळेल, मुलांचं भलं होईल. अर्जाचं एक अक्षर त्यात नव्हतं. त्यानंतर त्याचं पत्र आलं नाही. आणि का आलं नाही, हा प्रश्न मलाही पडला नाही.

गेल्या वर्षी या मेळाव्यासाठी आपला व्हॉट्सॲप ग्रुप झाला. सुप्रभात, फुलं, विनोद, राजकारण, सगळं सुरू झालं. हा पठ्ठ्या तीन महिने एक अक्षर बोलला नाही. मग सप्टेंबरात मला एकट्याला त्याचा निरोप आला, “मास्तर, पंधरा ऑक्टोबरच्या पुढं उद्यान उघडतंय. गावाकडं जायचं म्हणतोय. येतोस का?”

या वेळी मी गेलो.

पहाटे निघालो. वारणावती मागं टाकली, धरणाचा जलाशय उजाडताना पाहिला. वसंत सागर त्याचं नाव, ३४.४० टी.एम.सी. पाणी मावतं त्यात. मणदूरजवळ परवानगीचे सोपस्कार झाले, ठरलेली गाडी आणि बरोबर एक तरुण वाटाड्या मिळाला. पोरगा हुशार. शेकरूचं घरटं त्यानं चालत्या गाडीतून दाखवलं. रस्त्यावर केस मिसळलेली विष्ठा दिसली, तर उतरून, वाकून सांगितलं की बिबट्या. २०१८ मध्ये इथल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला, ते तर त्यानं असं सांगितलं की जणू घरात पाहुणा आला होता.

आणि मग एका वळणावर तो म्हणाला, “इथं आधी वस्ती व्हती.”

माझा मित्र गाडीत सकाळपासून गप्प होता. त्यानं विचारलं, “किती घरं व्हती रं?”

“ते न्हाई माहीत, काका. माझ्या जन्माआधीचं.”

“बेचाळीस,” हा म्हणाला.

पोरानं गाडी थांबवली. आम्ही उतरलो. रस्त्याला लागूनच सगळं होतं, पण मला एकट्याला दिसलं नसतं. कमरेएवढं वाळत चाललेलं गवत. त्यात मध्येच दगडांच्या सरळ रेषा. त्या रेषा म्हणजे घरांची जोती. एका ठिकाणी जमिनीत रुतलेलं उखळ, त्यात पावसाचं पाणी आणि त्या पाण्यात चतुराची अळी. देवळाचा चौथरा तेवढा शाबूत. देवी त्यांनी नव्या वसाहतीत नेली. मागं देवराईची झाडं, माझ्या आठवणीतल्यापेक्षा दुप्पट मोठी.

हा चालायला लागला आणि बोटं मोडू लागला. हे सुताराचं. हे मधल्या आळीतलं. इथं शाळा, म्हणजे देवळाचीच पडवी. हा झरा, मे महिन्यातसुद्धा आटायचा नाही. ही आमची खाचरं. मी त्याच्या मागं. एका जोत्यापाशी तो थांबला आणि म्हणाला, “तुझी जळू हितं काढली.”

मला काही बोलता आलं नाही.

तेवढ्यात पोरानं हात वर केला आणि गप्प राहायची खूण केली. खालच्या खाचरांत गवे होते. सात मी मोजले. काळेभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे, आणि मधोमध एक तांबूस वासरू. याच्या वडिलांनी दगड रचून बांध घातले होते, भात लावला होता, त्याच खाचरांत ते चरत होते. पोरगा कुजबुजला, “काका, जुन्या गावांच्या जागेला गवत चांगलं येतं. म्हणून गवं हिकडंच जास्त.”

मित्रांनो, मी तीस वर्षं शिकवलं की माणूस हटला की जंगल वाढतं. ते खोटं नाही. पण गच्च झाडीत गव्याला चरायला काय असणार? त्याला मोकळं गवत लागतं. आणि त्या रानातली बरीचशी मोकळी जागा माणसानं पिढ्यान्‌पिढ्या कुदळीनं केलेली आहे. मी फळ्यावर जी रेघ मारत होतो, अलीकडं माणूस आणि पलीकडं जंगल, ती रेघ त्या खाचरात मला काही सापडली नाही.

दुपारी आम्ही झोळंबीच्या सड्यावर गेलो. सोनकी संपत आली होती, कुठं कुठं पिवळे ठिपके उरले होते. डबकी आटायला लागली होती. गवतावरून वारा जायचा तेव्हा सगळा सडा एका बाजूला झुकायचा. भाकरी सोडली. आणि तिथं मी विषय काढला. म्हणालो, “माझं पत्र मिळालं होतं का रे तुला?”

म्हणाला, “मिळालं की. चावडीवर वाचून दाखवलं. शिकल्याला माणूस काय म्हणतोय बघू, म्हणून सगळी बसली व्हती.”

बेचाळीस घरं. कंदिलाच्या उजेडात बसली असतील. अर्ज कसा करायचा ते ऐकायला. आणि ऐकायला मिळाला माझा निबंध.

मी म्हणालो, “चुकलो मी.”

तो भाकरी खात राहिला. मग म्हणाला, “खोटं न्हवतं रं त्यात काय. अर्धं व्हतं. जंगल राखायचं म्हणून गाव उठायला पायजे, हे तू लिव्हलंस. गावानं इतकी वर्सं राखलं म्हणून जंगल ऱ्हायलं, हे न्हाई लिव्हलंस.”

सर, इतक्या वर्षांत माझ्या उत्तरपत्रिकेत कुणी इतकी नेमकी चूक दाखवली नव्हती.

तुम्ही विचाराल, मग तुझं म्हणणं काय, उद्यान नको होतं? नाही. तसं मी म्हणणार नाही, आणि तोही म्हणत नाही. गव्यांचं ते वासरू पाहताना त्याचा चेहरा मी पाहिलाय. खाली आल्यावर काय झालं, तेही त्यानं सांगितलं. कुणाला जमीन लवकर मिळाली, कुणाला फार उशिरा, कुणाच्या वाट्याला मुरूम आला. त्याच्या मुली मात्र शिकल्या, एक नर्स आहे. त्याची आई शेवटपर्यंत म्हणत राहिली की इथल्या पाण्याला चव नाही. या सगळ्याची बेरीज-वजाबाकी करून एक उत्तर काढायचा अधिकार मला नाही. एकदा घाईनं काढलं होतं, ते पुरे.

पण पाण्याचं एक सांगतो. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्यात मुरतो, कड्याखाली झऱ्यांनी बाहेर येतो. ते झरे मिळून ओढे, ओढे मिळून वारणा. वारणा आपल्या उसाच्या फडांतून जाते आणि सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. म्हणजे या सभागृहात बसलेला जवळजवळ प्रत्येक जण त्या सड्यावरच्या पाण्यावर वाढलाय. कुणाची शेती त्यावर, कुणाचा पगार त्यावर. ती किंमत मोजणारी माणसं आपल्याच वर्गात, शेवटच्या बाकांवर, बोर्डिंगचं डबल कपडे नसलेलं गबाळं पोर म्हणून बसत होती. आपण त्यांना कधी विचारलं नाही.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं उपयोगाचं. पावसाळ्यात उद्यान बंद असतं. ऑक्टोबरच्या मध्यावर उघडलं की पहिले तीन-चार आठवडे सर्वांत सुंदर. जाण्याआधी वन विभागाकडं चौकशी करा, परवानगीशिवाय आत जाता येत नाही आणि जाऊही नये. पूर्ण बाह्यांचे, मातकट रंगाचे कपडे घाला. दुर्बीण न्या, स्पीकर नेऊ नका. वाघ दिसेल या आशेनं जाल तर हिरमुसून याल. गवत, धुकं आणि शांतता बघायला जा. आणि रस्त्याकडेला दगडांची सरळ रेघ दिसली की दोन मिनिटं थांबा. जंगलात सरळ रेघ आपोआप उमटत नाही.

शेवटचं. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं त्यांच्या नव्या वसाहतीत चार वेळा जाऊन बसलो. ऐंशीच्या पुढच्या तीन आज्यांना आणि दोन आजोबांना बोलतं केलं. त्यांनी सांगायचं, यानं खूण करायची, मी काढायचं. बेचाळीस घरं, झरे, खाचरं, पाणंदी, देवराई, सड्याच्या प्रत्येक कोपऱ्याला असलेलं वेगळं नाव. असा गावाचा नकाशा झाला. एक आजी दुसरीशी भांडत होती की तुझं घर झऱ्याच्या अलीकडं नव्हतं, पलीकडं होतं. तीन दिवस भांडल्या. मग झरा हलवावा लागला!

तो नकाशा आज मुख्याध्यापकांच्या हाती देतो आहे. शाळेच्या ग्रंथालयात, महाराष्ट्राच्या मोठ्या नकाशाशेजारी लावावा, एवढी विनंती. आणि सर, आधी तुम्ही तपासा. या वेळी डोंगर सुरवंटासारखा काढलेला नाही.

तुमच्या लक्षात आलं असेल, एवढ्या भाषणात मी त्या गावाचं नाव घेतलं नाही. ते विसरून राहिलेलं नाही. एकदा त्या गावाच्या वतीनं मी बोललो आणि चुकलो. त्यामुळं ते नाव सांगण्याचा मान माझा नाही. तिसऱ्या रांगेतल्या माणसानं ‘नाव घेतलंस तर उठून जाईन’ असं मला सांगितलं होतं. मी घेतलेलं नाही. आता त्यानं उठावं, पण बाहेर न जाता इकडं यावं, आणि ध्वनिक्षेपकावरून आपल्या गावाचं नाव स्वतः सांगावं.

ये रे. सगळी बसली आहेत.